अक्रोडाची मूठ

मुठीची उजवी पट्टी बसत नव्हती. वडिलांनी ती तिसऱ्यांदा काढली, पोलादाला फासलेली काजळी लाकडाला जिथे लागली होती ती जागा शोधली आणि कानशीनं हलकेच घासली.

"अजून केसभर," ते म्हणाले.

"बाबा, चहा गार झाला."

"होऊ दे. हे पिस्तूल माझ्या बापाच्या वयाचं. आधी त्याचं काम, मग माझा चहा. खरं तर याला अहोजाहोच करायला हवं."

ती हसली. तळहातात मावेल एवढंसं, खिशात बाळगायचं पिस्तूल, गिऱ्हाइकाला मामाच्या कपाटात सापडलेलं. त्याची रबरी मूठ तडकली होती. मापं आधीच घेतलेली होती, त्यावरून वडिलांनी आठवडाभर बसून अक्रोडाच्या दोन पट्ट्या कोरल्या. पिस्तूल गिऱ्हाईक आज सकाळी ठेवून गेलं.

या दुकानात कुठलंही हत्यार टेबलावर यायचं ते दोघांच्या नजरेखालून. एकानं वरची स्लाइड मागे ओढायची, नळीत गोळी नाही हे बघून 'रिकामं' म्हणायचं. दुसऱ्यानं स्वतः वाकून बघायचं आणि 'पाहिलं' म्हणायचं. नियम वडिलांचाच. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून तर ते त्याबाबत फारच कडक झाले होते. सकाळी ते 'रिकामं' म्हणाले तेव्हा ती काचकागद कापत होती. मान वर न करताच तिनं 'पाहिलं' म्हटलं होतं.

या वेळी पट्टी बसली. वडिलांनी स्क्रू पिळला, अंगठा फिरवून सांधा चाचपला.

"आता चाप बघू. दिवा धर."

चापाची सळई उजव्या पट्टीखालून जात होती. लाकूड तिला घासलं, तर दाबलेला चाप परत येणार नाही. ते कळायला चाप एकदा ओढावाच लागतो. वडिलांनी स्लाइड मागे ओढून सोडली आणि पट्टीखालची फट उजेडात दिसावी म्हणून पिस्तूल दिव्याकडे वळवलं. स्लाइड उघडली त्या क्षणी तिला आत काहीतरी पिवळं दिसलं.

"बाबा, थांबा."

"हलू नकोस, उजेड जातोय."

"बोट काढा. चापावरचं बोट काढा आधी."

त्यांनी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बोट निघालं. तिनं त्यांचं मनगट धरून भिंतीकडे वळवलं, पिस्तूल हातातून काढून घेतलं आणि स्लाइड ओढून धरली. नळीच्या मागच्या तोंडात पितळेचा ठिपका होता. गोळी बाहेर ओढणारी आकडी झिजली होती; स्लाइड कितीदाही ओढली तरी गोळी जागची हलली नसती. तिनं नळीच्या पुढच्या तोंडातून सळई घातली आणि हळूहळू ढकलली. गोळी टेबलावर पडली, थोडी घरंगळली आणि चहाच्या कपाला टेकून थांबली.

वडील गोळीकडे बघत राहिले.

"सकाळी तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"वाकून?"

"हो, बाबा."

"रिकामं होतं?"

"होतं."

ते स्टुलावर बसले. मॅगझिनमधल्या गोळ्या त्यांनी सकाळी एका डबीत काढून ठेवल्या होत्या. त्यांनी डबी उघडली. सहा. सकाळी सहा होत्या की सात, ते त्यांना आठवेना. त्यांचे ओठ नुसतेच हलले.

"मग ही मीच आत घातली," ते म्हणाले. "कधी पण? मधे मॅगझिन बसवून बघितलं, तेव्हा त्यात एक राहिली होती?"

तिनं सळई पुसून जागेवर ठेवली.

"तुझ्यावर रोखलं होतं मी."

"दिव्यावर, बाबा."

"आणि दिवा कुणाच्या हातात होता?"

त्यांनी कामाचा एप्रन काढला. एरवी तो खिळ्यावर भिरकावायचे. आज त्याची नीट घडी केली, तिच्यापुढे ठेवली आणि त्यावर खणाची किल्ली ठेवली.

"उद्यापासून तू. मला आता माझाच भरवसा नाही."

तिनं किल्ली उचलली.

रात्री जेवताना त्यांनी आईला विचारलं, "मी हल्ली विसरतो का गं?"

"तुम्ही? लग्नात मी कशावरून रुसले होते ते अजून चारचौघांत सांगता. विसरलात तर उपकारच होतील."

वडील हसले नाहीत. ती ताटं उचलून आत गेली आणि नळ मोठा सोडला. सकाळी सांगू, तिनं ठरवलं. चहाच्या वेळी, ते जरा ताजे असताना.

सकाळी ते उठले नाहीत.

डॉक्टर येऊन गेले. झोपेतच गेले, म्हणाले, त्रास झाला नाही. हळूहळू खोली माणसांनी भरली. आई उशाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, "काल विचारत होते हो मला, मी विसरतो का म्हणून."

"वय, वहिनी," काका म्हणाले. "मला दिसत होतं. हाताला जपायचा तो, पण डोकं आधी दगा देतं. तरी बरं, वेळेत सुटला."

दोघांतिघांनी माना डोलावल्या.

ती दारातून पुढे आली. पलंगापाशी गुडघे टेकून बसली आणि वडिलांच्या कानाशी वाकली. आवाज मात्र तिनं मुद्दाम लहान केला नाही.

"बाबा, तुम्ही काही विसरला नव्हता. गोळी आधीपासूनच आत होती. मी पाहिलंच नव्हतं."