हात पडला की सोडायचं

पंजाबरावनं अब्दुल गनीची मान काखेत घेतली आणि दोन्ही हातांनी पकड आवळली. गनीचे गुडघे मातीत रुतले. मेहकरच्या आखाड्याभोवती बसलेली माणसं एकदम उठून उभी राहिली. डफडी थांबली.

आता गनीला एकच करायचं होतं. उघड्या पंजानं पंजाबरावच्या पाठीवर थाप मारायची. थाप पडली की पकड सोडायची, हा आखाड्याचा रिवाज. गनीचा उजवा हात मोकळा होता. त्यानं तो उचलला नाही.

आठ वर्षांपूर्वी याच मातीत मान निवृत्तीची होती आणि काख गनीची. दुसरबीडचा निवृत्ती म्हणजे पंजाबरावचा थोरला भाऊ. त्या दिवशी त्यानं गनीच्या पाठीवर थाप मारली होती. दोनदा. गनीला ती चांगली कळली होती. पण माणसं गनीच्या नावाचा गजर करत होती, आणि त्याआधी निवृत्तीनं त्याला दोन वेळा चारचौघांत आसमान दाखवलं होतं. गनीनं पकड धरून ठेवली. एक श्वासभर. मग काखेत काहीतरी कटकन वाजलं.

निवृत्ती दोन दिवस जगला. फौजदार जबाब घ्यायला दवाखान्यात आला, तेव्हा गनी दारात उभा होता. खाटेवर मान न हलवता निवृत्ती म्हणाला, "खेळात झालं, साहेब. मी हात मारलाच नाही. त्याले कसं समजन?"

फौजदारानं तसंच लिहून घेतलं. गनीनं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर तो आखाड्यात उतरला नाही. डोणगावच्या तालमीत शिकवू लागला. त्याची शिकवण तीन गोष्टींची होती. कुस्ती ठरवून खेळायची नाही. पडलेल्याला हसायचं नाही. आणि हात पडला की सोडायचं. नव्या गड्याला तो महिनाभर एकही पेच दाखवत नसे. एकानं मान धरायची, दुसऱ्यानं थाप मारायची, पहिल्यानं सोडायचं. दिवसभर तेच. गडी कंटाळत. "पेच मंग," गनी म्हणायचा. "आधी सोडणं शिक." गनी उस्तादासारखा नेमाचा पैलवान वऱ्हाडात नाही, असं लोक बोलत. असं कुणी तोंडावर बोललं की तो उठून बाहेर जाई.

कुठंही गेला तरी तो भिंतीला पाठ लावून बसे. बायको, हुस्नबानो, अंगाला तेल लावायची. तिचा पंजा पाठीवर पडला की तो दचकून उभा राहायचा.

"काऊन असं करता?" तिनं एकदा विचारलं. त्यानं पाठ भिंतीला लावली. तेव्हापासून ती हात लावण्याआधी "मी आहो" म्हणू लागली. तरी तो दचकायचाच.

महिन्यापूर्वी पंजाबराव तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. चोवीस वर्षांचा. खांदे भावाचे, मानही भावाचीच.

"मले तुमच्यासंगं खेळाचं आहे, उस्ताद. मेहकरले."

गनी सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याचा गुडघा आखडायचा. हुस्नबानो रडली, नाही म्हणा म्हणाली. तो "हाव" म्हणून बसला होता. निघताना त्यानं तालमीची किल्ली वाहेदच्या, आपल्या सगळ्यात जुन्या गड्याच्या हातात दिली आणि मागं न पाहता बैलगाडीत बसला.

पण मातीत उतरल्यावर तो खरा लढला. हरायचं म्हणून हरणं त्याच्या नेमात बसत नव्हतं. त्यानं पंजाबरावला दोनदा खाली घेतलं. पंजाबराव दोन्ही वेळा निसटला. मग गनीचा दम संपला आणि मान काखेत गेली. ती त्यानं दिली नव्हती. ती गेली होती. हात मारायचा की नाही, एवढंच आता त्याच्याकडं होतं.

पकड आवळत गेली. कानात शिट्टी वाजू लागली. डोळ्यांपुढची माती आधी लाल, मग काळी झाली. आता वाजेल, गनीला वाटलं. त्यानं डोळे मिटले. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याची पाठ शांत होती.

वाजलं नाही. हात उघडले.

गनी तोंडावर मातीत पडला. "काऊन सोडलं बे!" माणसं ओरडली. पंच धावत आले. पंजाबरावनं त्यांना हातानं थांबवलं आणि गनीशेजारी गुडघे टेकले.

"हात काऊन नाही मारला, उस्ताद?"

गनीनं तोंडातली माती थुंकली. "तुया दादानं मारला होता," तो म्हणाला. "दोनदा. मले समजला होता. मी सोडलं नाही."

"मले माहीत आहे."

गनीनं मान वळवून पाहिलं. पंजाबरावच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार जड काहीतरी खाली ठेवल्यासारखे त्याचे हात मांड्यांवर पडले होते.

"फौजदार गेल्यावर दादानं मले जवळ बोलावलं," तो म्हणाला. "म्हणे, खरं काय झालं ते तुले सांगतो, पण कोनाले बोलू नको. मेहनत कर. एक दिवस गनीची मान तुया हातात येईन. तो हात मारनार नाही. तरी सोडजो."