मागचंच उत्तर

श्रीरंगच्या फुप्फुसांच्या आजारावर औषध सुरू करायचं की नाही, हे इस्पितळातला संगणक ठरवणार होता. त्याची थोरली बहीण वसुधा स्वतः संख्याशास्त्रज्ञ होती, म्हणून डॉक्टर शहाण्यांनी तिलाच पडद्यासमोर बसू दिलं. तिने भावाचे सगळे तपशील भरले. उत्तर क्षणात आलं, "औषधाचा उपयोग नाही. मागचा निष्कर्ष वापरला आहे."

"मागचा नको, नव्याने काढ," तिने टाइप केलं.

"नवी माहिती उपलब्ध नाही."

"असं कसं? इतकी वर्षं या आजाराचे रोगी येताहेत ना इथे?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"येतात की. पण याने नाही म्हटलं की औषध द्यायची आम्हाला परवानगीच नसते."

वसुधाने त्या मागच्या निष्कर्षाची जुनी नोंद उघडली. पहिल्यांदा जेमतेम मूठभर रोग्यांवरून तो निष्कर्ष निघाला होता. त्यानंतर औषध कुणालाच मिळालं नव्हतं, मग कुणी बरं झाल्याची नोंद होणार कुठून?

"डॉक्टर, श्रीरंगला देऊन तर पाहा. हवी तिथे सही करते मी."

"द्यायला आहे कुठे, मॅडम? मागणीच उरली नाही, म्हणून कारखान्याने ते बनवणं कधीच सोडलं."

ती खोलीत परतली. श्रीरंग उशीला टेकून धापा टाकत होता.

"ताई, काय आलं गं उत्तर?"

"हिशेब चालू आहे अजून," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.