दोरीवरची ओढणी

पडद्यावर सीमेपलीकडचं ते घर तिसऱ्या दिवशीही तसंच होतं. अंगणात दोरी, दोरीवर पुरुषांचे कपडे. उंचावरून ड्रोनचा कॅमेरा नुसता बघत होता. आवाज काहीच नव्हता.

"वकीलसाहेब, तुमच्या सहीशिवाय बॉम्ब टाकता येत नाही," कर्नल म्हणाले. "आत अतिरेकी आहेत, ते पक्कं आहे. आणखी कुणी नाही ना, तेवढं सांगा."

सैन्यात माझी नेमणूकच त्यासाठी होती. तीन दिवसांत दोरीवर एकही ओढणी आली नव्हती. 'घरात बायका-मुले नाहीत, कायद्याची हरकत नाही,' असं लिहून मी सही केली.

पडदा पांढरा झाला. धूळ बसली तेव्हा घर नव्हतं. दोरी मात्र होती, आणि तिच्यावरचे सदरे वारा नसताना हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या अंगणात उभा होतो. दोरीवर सगळे माझेच कपडे.

"तुझे आणि लेकीचे कुठायत?" मी बायकोला विचारलं.

"आत, मधल्या खोलीत. क्वार्टरसमोरून दिवसभर जवान ये-जा करतात, आमचे कपडे बाहेर कधी वाळत घातलेत का मी? एकोणीस वर्षांनी आज विचारताय!"

आभाळ निरभ्र होतं. खूप उंचावर कसलीशी बारीक घरघर चालली होती.

"लेकीची एक ओढणी दे," मी म्हणालो.

"अहो, ती कालच वाळलीय."

"दे म्हणतो ना."

ती कोरडी ओढणी मी दोरीवर नीट पसरली, वरून दिसेल अशी.