यंत्रावरची जाळी

पीठ मळायच्या यंत्रावरची जाळी जागेवर नव्हती. आत्याने खाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं. मग ती दिसली. खिडकीपाशी दोन डब्यांवर आडवी टाकली होती आणि तिच्यावर ताजे पाव निवत होते.

"काढली एकदाची," मालक म्हणाला. मालक म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. तो आत्या म्हणायचा म्हणून अख्खी बेकरी तिला आत्या म्हणायची. "जरा उचलली की यंत्र आपोआप बंद. परत लावा, परत चालू करा. निम्मी सकाळ त्यातच जायची."

"अरे, पण तपासणीला कुणी आलं म्हणजे?"

"कोण येतंय आता? छोट्या बेकऱ्यांची तपासणीच बंद झाली. मालकाने लिहून दिलं की पुरे. दिलं मी लिहून, सगळं जागच्या जागी आहे म्हणून." तो हसला. "आणि हे कुणामुळे? तुझ्यामुळे!"

ते काही खोटं नव्हतं. छोट्या धंदेवाल्यांच्या मेळाव्यात मंत्र्यांसमोर माइक धरून आत्याच बोलली होती. बोलण्यासारखं होतंही. भिंतीचा रंग नियमात बसत नाही म्हणून तपासनिसाने बेकरीला टाळं ठोकलं होतं आणि मळलेलं सगळं पीठ आंबून उकिरड्यावर गेलं होतं. त्या गृहस्थाला मैदा कुठला आणि चुना कुठला एवढं कळत असतं तरी खूप झालं असतं. शेवटी आत्या म्हणाली होती, "आमची काळजी घ्यायला परका माणूस कशाला, साहेब? माझा भाचा आहे की!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. भाच्याने तर डोळे पुसले होते.

"कडेचं पीठ आता चालू यंत्रातच खरवडून घेत जा, आत्या," तो म्हणाला. "बाजूबाजूने. तुझा हात बसलेला आहे."

"आणि तोच हात आत ओढला गेला तर?"

"सकाळी सकाळी काय वंगाळ बोलतेस! मी आहे ना इथे."

यंत्र सुरू झालं. लोखंडी दांडा पिठात गरगर फिरू लागला. आत्या कालथा घेऊन उभी राहिली. लहानपणी हा भट्टीकडे नुसता रांगत निघाला तरी ती धावत जाऊन त्याला उचलून घ्यायची. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला आज कळत होतं. आणि टाळ्या आपण स्वतःच मिळवल्या होत्या, हे जास्त लागत होतं.

तिने कालथा पुढे केला.

"थांब थांब," भाचा म्हणाला. "पाणी कमी वाटतंय."

त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. दांडा पुरता थांबेपर्यंत तो थांबला. मग बाही वर सारून हात आत घातला, पीठ दाबून पाहिलं, हात बाहेर काढून फडक्याला पुसला.

आणि बटण परत चालू केलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "घे, आत्या."