मुके दृश्य

केळुसकर सरांच्या चित्रपटसंगीताच्या वर्गात एक नियम होता: संगीत रचण्यापूर्वी दृश्य मुके पाहायचे, आणि त्यासाठी कानातली 'सोबत' काढून ठेवायची. लहानपणापासून प्रत्येक क्षणाला साजेसे संगीत ऐकवत आलेले ते यंत्र काढताना विद्यार्थी कावरेबावरे होत.

"शांतता कोणाला चावत नाही," सर म्हणाले. "शर्वाणी, तुझं दृश्य लाव."

शर्वाणीने घरी चित्रित केलेली एक सकाळ पडद्यावर आली. आई भाकऱ्या थापत होती आणि मधूनच कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. त्या सकाळी सोबतीने शर्वाणीला सतारीची खेळकर गत ऐकवली होती. इथेही तशीच योजायची, असे तिने ठरवले होते.

"सुरुवात कुठल्या वाद्यानं?" सरांनी विचारले.

ती पडद्याजवळ सरकली. पडद्यावरची आई दर भाकरीनंतर ओट्याला टेकत होती, एक हात पोटाशी दाबून धरत होती, आणि कॅमेरा चेहऱ्याकडे आला की तेवढ्यापुरती हसत होती.

"सर, हे मी समोर उभी राहून चित्रित केलंय," ती हळूच म्हणाली. "मला दिसलं कसं नाही?"

"दिसलं असेल. सतारीनं निराळं सांगितलं."

ती तशीच वर्गाबाहेर गेली आणि तिने घरी फोन लावला. "आई, पोटात दुखतंय ना तुझ्या? कधीपासून?"

"तुझ्या कानात आत्ता सोबत नाहीये, होय ना?" आई म्हणाली. "आधी ती घाल, बाळा. मग सांगते."