योलेबाईंचं वाक्य

ऐन वेळी वाक्य बदललं. पडद्यावरच्या म्हातारीचे ओठ लवकर मिटत होते आणि जुनं वाक्य त्यांत मावत नव्हतं. दिग्दर्शक रुज्जेरोनं काचेपलीकडच्या खोलीतून नवा कागद पाठवला आणि विचारलं, पाच मिनिटं पुरतील ना? योलेबाई म्हणाल्या, दोन पुरे झाली.

निवेस मागे भिंतीला टेकून उभी होती. डबिंगच्या कामाचा तिचा हा पहिलाच दिवस. बाजारातल्या गर्दीचा गलका करायला सहा जणांना बोलावलं होतं, त्यांतली ती एक. त्यांचं काम कधीच आटोपलं होतं. दोघंतिघं रेंगाळले होते ते योलेबाईंना ऐकायला. निवेस तर घरी जायचंच विसरली होती. लहानपणापासून हा आवाज तिनं कितीतरी परदेशी नट्यांच्या तोंडून ऐकला होता. त्या नट्यांना इटालियन येत नाही, बोलणारी बाई वेगळीच आहे, हे कळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून कपाटात शिरून, दार ओढून घेऊन ती तो आवाज काढत आली होती. आज एकोणऐंशी वर्षांच्या योलेबाई तिच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या.

बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला, ओठ हलवले, मान डोलावली.

निवेसला मागून कागद दिसत होता, त्याची छापलेली बाजू पलीकडे होती. बाई कोरी बाजू वाचत होत्या.

मग तिला एकेक आठवत गेलं. बाई पडद्याकडे बघत नव्हत्या, कानातल्या मूळ आवाजावर बोलत होत्या. पानं उलटत होत्या, पण वाक्य संपून गेल्यावर. मघाशी त्यांनी माइक हातानं चाचपला, तेव्हा ती तिला थोरामोठ्यांची लकब वाटली होती. वाक्यं त्या घरून पाठ करून येत असणार. आणि हे वाक्य पाठ नव्हतं. आता बाईंना दिसत नाही हे रुज्जेरोला कळलं तर पडद्यावरची ही म्हातारी आज दुसरीच कुणी बोलेल, आणि यापुढच्याही सगळ्या.

ती पुढे होऊन बाईंच्या समोर आली.

"सिन्योरा, माफ करा. मला शिकायचंय. हे वाक्य असं म्हणायचं का?" आणि बाईंच्या हातातल्या कागदावरून तिनं वाचलं, "जा तू. दार मी लावून घेते. कडी नाही लावणार."

पाढे म्हणावेत तसं वाचलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. स्पीकरमधून रुज्जेरोचा आवाज आला की पोरी, तुझं काम संपलंय, शिकवणी घ्यायची तर खाली कॉफीच्या दुकानात घे.

बाईंनी मोकळा हात वर केला.

"थांबा हो, रुज्जेरो. वाक्याची अशी खांडोळी मला नाही ऐकवत. पुन्हा वाच गं."

निवेसनं पुन्हा वाचलं, या खेपेला भलत्याच ठिकाणी थांबून. बाईंनी विचारलं, ही म्हातारी बोलतेय कुणाशी? मुलाशी, निवेस म्हणाली, तो घर सोडून निघालाय. मग तू त्याला दाराची माहिती कशाला पुरवतेस, बाई म्हणाल्या. पुन्हा.

निवेसनं तिसऱ्यांदा वाचलं. कुणी हसलं नाही.

"हं," म्हणून बाईंनी कागद स्टँडवर ठेवला, छापील बाजू खाली, आणि हेडफोन चढवला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. 'जा तू' जवळजवळ रागानंच आलं. 'दार मी लावून घेते' भांडी विसळता विसळता म्हटल्यासारखं. आणि म्हातारीचे ओठ मिटता मिटता, अगदी हळू, 'कडी नाही लावणार'. पहिल्याच फटक्यात. लाल दिवा विझायला जरा वेळच लागला.

रुज्जेरो बाहेर आला, त्यानं बाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग निवेसच्या देखतच सहायकाला सांगितलं की हिचं नाव यादीतून काढ, मधे तोंड घालणारी माणसं इथे चालत नाहीत. निवेस खाली मान घालून उभी राहिली. खरं सांगितलं असतं तर सुटली असती. तिनं सांगितलं नाही.

"उद्या ती येणार आहे," योलेबाई कोटात हात घालत म्हणाल्या. "मला पानं वाचून दाखवायला. ईस्टरपासून मला अक्षर दिसत नाही, रुज्जेरो. आता काय ते तुम्ही ठरवा."

रुज्जेरोनं स्टँडवरच्या पालथ्या कागदाकडे बघितलं. मग सहायकाला म्हणाला, उद्या दहा वाजता बोलाव, दोघींनाही.

जिन्यात बाईंनी निवेसचा दंड धरला.

"पहिल्या दोन वेळा तू मुद्दाम वाईट वाचलंस."

निवेसनं बाईंचा दुसरा हात कठड्यावर ठेवला.

"तिसऱ्यांदा वाईट वाचायला विसरलीस."

खालून कपबशांचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, पायऱ्या मोज, मोठ्यानं, पाय कुठे टाकायचा ते मला कळायला हवं. निवेस मोजू लागली. पाचव्या पायरीवर बाई थांबल्या.

"'पाच' माझ्यासारखं म्हणालीस," त्या म्हणाल्या. "तुझं म्हण."