सोडलेला फणस
राजमहेंद्रीचा जोएल मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक म्हणून एका जोडीदारासोबत कुडाळजवळच्या गावांत फिरत होता. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवरची नावाची काळी पट्टी पाहून लोक त्याला विम्याचा माणूस समजत आणि अंगणातूनच परत पाठवत. त्या सकाळी मात्र काजूच्या बोंडांपासून बिया सोडवत बसलेल्या गौरजाकाकीने हाक मारली. "नुसते फिरतास कित्याक? जरा हातभार लावा." जोएल आणि त्याचा जोडीदार बाह्या सारून बसले. काम उरकल्यावर काकीने चहा आणला. जोएलने मोडक्या मराठीत नको म्हटलं, तशी ती दुखावली. "माझ्या घरातली चाय चलना नाय तुका?" "तसं नाही काकी. आम्ही चहा घेत नाही. देवाला वचन दिलंय." काकीने त्याला निरखून पाहिलं. "असा काय? मी पण फणस सोडलंय. झील बापाशी भांडान गेलो, तो येयपर्यंत खावचंय नाय." जोडीदाराने जोएलला कोपराने ढोसलं. कुटुंब मरणानंतरही कायम एकत्र राहतं, हा पंथाचा पाठ केलेला धडा सांगायची हीच वेळ होती. पण जोएलला त्या मुलाबद्दलच जाणून घ्यावंसं वाटलं. "काकी, त्याचं नाव काय?" त्या घरात ते नाव कोणी काढत नसे. काकीने पायरीवर टेकत पदराला हात पुसले. "सुशांत," ती हळूच म्हणाली, मग जरा मोठ्याने, "सुशांत." आत बसलेले काका, सुशांतचे वडील, उठून दारात आले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.